फाटकाबाहेरचं कौतुक

झिवान एर्देल्यानला किळस अशी कशाची यायचीच नाही. आमच्या झ्रेन्यानिन गावात बाजारामागच्या गल्लीत, घराला लागूनच, त्याची कवळ्या बनवायची जागा आहे. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचे साचे काढून त्याच्याकडे पाठवतात. एखाद्याला रक्त लागलेलं असतं, एखाद्याला थुंकी, एखाद्यात आदल्या जेवणातला कांदा अडकलेला असतो. झिवान तो साचा नळाखाली धरून धुतो, हात पँटला पुसतो आणि त्याच हातानं बुरेकचा, खिमा भरलेल्या पापुद्र्याच्या पोळीचा, तेलकट तुकडा तोंडात टाकतो. त्याची बायको यागोदा म्हणते, "देवानं तुला नाक दिलंय ते फक्त चष्मा टेकवायला." असा हा गडी गेल्या नोव्हेंबरात ताटावरून उठला, समोरची पापरिकाश, कोंबडीचा लाल रस्सा, तशीच टाकून, आणि तेही कौतुकाची शिसारी येऊन. कौतुकाला वास असतो हे त्याला तेव्हा कळलं.

मूळ दुखणं मात्र जुनं. झिवान आणि त्याचा मित्र स्वेतोझार, ज्याला सगळं गाव तोझा म्हणतं, हे दोघं शाळेत असताना आमच्याकडे रेडिओवरून कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम ऐकवायचे. ऐकवायचे म्हणजे नुसता चिरका कर्कश आवाज. तो कॅसेटवर उतरवून घ्यायचा आणि मशीनला पाजायचा, की खेळ सुरू. तोझाच्या टेपरेकॉर्डरला वायर नव्हती, त्यामुळे तो रेडिओसमोर ठेवावा लागायचा, आणि मधेच तोझाची आई "अरे मेल्यांनो, सूप गार होतंय!" म्हणून ओरडली की ते सूपही प्रोग्रॅममध्ये जायचं. मग खेळ कसला चालतोय! दोघं पुढच्या आठवड्यापर्यंत तिच्या नावानं बोटं मोडत बसायचे.

झिवानचं मशीन मामानं परदेशातून लपवून आणलेलं होतं. त्यावर आमची अक्षरं नव्हती. झिवानच्या नावातला पहिला झ आमच्या लिपीत डोक्यावर छोटी टोपी घालतो. ती टोपी त्या मशीनला माहीतच नव्हती. पोरानं आपल्या खेळाच्या पहिल्या पडद्यावर स्वतःचं नाव लिहिलं तेही बोडक्या डोक्याचं. खेळ अर्ध्यावर आला होता तेव्हा वडिलांनी, साखर कारखान्यातल्या फोरमननं, एका वाक्यात निकाल लावला. "लोकांना दात लागतात, खेळ लागत नाहीत." आणि त्याला दातांच्या कामाच्या शाळेत घातलं.

म्हातारा चुकला नव्हता. दातांनी घर बांधलं, मुलगी शिकली, दारात गाडी आली. पण एक काटा आत राहूनच गेला: आपल्याला ते जमलं असतं का? झिवानला प्रसिद्धी नको होती, नवी नोकरी नको होती. या एवढ्या एका प्रश्नाचं उत्तर, कुणा अनोळखी माणसाच्या तोंडून, त्याला हवं होतं.

तोझानं वाट दाखवली. तोझाचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे आणि दुकानात गिऱ्हाइकापेक्षा इंटरनेट जास्त. त्यानं सांगितलं की एक गेम जॅम होतोय. सगळ्यांनी एकाच विषयावर आठवड्याभरात छोटा खेळ करायचा, तोही जुन्या मशीनच्या धाटणीचा: मोजके रंग, ठोकळ्यांची चित्रं. मग काही दिवस सगळ्यांनी एकमेकांचे खेळ खेळायचे, शेरे लिहायचे, तारे द्यायचे. विषय होता 'बंद'. तोझा स्वतःही त्यात उतरला होता.

झिवाननं गिऱ्हाइकांना सांगितलं की भट्टी बिघडली आहे, आणि जागेत कोंडून घेऊन खेळ केला. नाव ठेवलं 'शेवटचा पहारा'. कारखाना बंद पडलाय आणि पहारेकरी शेवटची फेरी मारतोय, एवढीच गोष्ट. फाटक उघडून आत जायचं, एकेका खोलीत जाऊन दिवे मालवायचे. सगळे दिवे मालवले की परत फाटकाशी यायचं. पण आता सगळा अंधार. पडद्यावर फक्त पहारेकऱ्याची टोपी दिसते. पायऱ्या कुठं, खड्डा कुठं, माल वाहणारा सरकता पट्टा कुठं हे जाताना बघून ठेवलं असेल तरच माणूस धड बाहेर येतो. झिवानच्या वडिलांनी खरोखर साखर कारखान्याच्या शेवटच्या दिवशी असे दिवे मालवले होते आणि घरी येऊन कुणाशी बोलले नव्हते. हे झिवाननं खेळात कुठंही लिहिलं नाही.

एक लाड मात्र त्यानं स्वतःचा केला. फाटक उघडायचं बटण कोणतं ठेवायचं? आता त्याच्या कीबोर्डवर टोपीवाला झ होता, ऐटीत, उजव्या कोपऱ्यात. "फाटकापाशी हे दाबा," असं लिहून त्यानं तो झ टोपीसकट काढला. तेव्हा नाही मिळाली ना टोपी, आता घे.

खेळ जॅमच्या पानावर चढवला आणि शेरे पडायला लागले. 'किती गोड!' 'वातावरण अप्रतिम!' 'लहानपण आठवलं!' प्रत्येकाच्या शेवटी एक शेपूट: 'मीही खेळ केलाय, जरूर बघा.' कारण तिथला नियमच तसा होता. जो इतरांना जास्त शेरे देईल त्याचा खेळ यादीत वर चढेल. झिवाननं पहिले काही दिवस प्रामाणिकपणे खेळ खेळले, संपवले, आणि मनापासून लिहिलं: इथं उडी अडकते, इथं रंग डोळ्याला टोचतात. त्यावर एकानं उत्तर दिलं, 'तुम्ही फार विषारी आहात.' दुसऱ्यानं त्याच्या खेळाला दिलेले तारे काढून घेतले.

तोझा त्याला म्हणाला, "अरे येड्या, इथं काय कवळीचं माप घ्यायला आलायस का? 'छान' लिही आणि पुढं जा! तो तुला 'छान' लिहील. चार दिवसांचा मामला आहे."

"न खेळता लिहू?"

"एखादं मिनिट बघ. चित्र बघ. रंगांबद्दल लिही. रंग सगळ्यांनाच असतात."

झिवाननं तोंड वाकडं केलं, पण लिहायला लागला. खोटं कशाला बोला. तुमच्याकडे ते उंटाच्या लग्नात गाणाऱ्या गाढवांचं सांगतात ना, अहो रूपम्, अहो ध्वनिः, तसला कारभार. झिवानही रांगेत उभा राहून रेकला. आणि 'शेवटचा पहारा' यादीत वर वर चढू लागला.

सकाळी साचे धुता धुता तो मोबाइलवर शेरे यागोदाला वाचून दाखवायचा. "हे ऐक. 'शेवटचं दृश्य पाहून डोळ्यांत पाणी आलं.' हे ऐक. 'संगीत काळजात घुसतं.'"

"तुझ्या खेळात संगीत आहे?"

"नाही. पावलांच्या आवाजाला म्हणत असेल तो. कलावंत माणूस दिसतोय."

"आणि हे काय, 'शेवटच्या राक्षसानं घाम काढला'?"

झिवाननं शेरा पुन्हा वाचला. त्याच्या खेळात राक्षस नव्हता. "अंधाराला म्हणाला असेल," तो म्हणाला. "उपमा असते तशी."

यागोदानं त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं जशी ती बाजारात शिळा मासा ताजा म्हणून विकणाऱ्याकडे बघते. मग ती आपल्या कामाला लागली. हरभऱ्याच्या झाडावर चढलेल्या माणसाला खालून हाका मारून उपयोग नसतो.

मग तो एक शेरा आला. लिहिणाऱ्याचं टोपणनाव होतं 'ओलं बिस्कीट'. शेरा असा: 'फाटक उघडत नाही. माझी अख्खी संध्याकाळ फुकट गेली. एक तारा.'

झिवानच्या तळपायाची आग मस्तकात गेली. साऱ्या जगाला फाटक उघडतं, लोक आत जाऊन रडून येतात, आणि या बिस्किटाला कडी सापडत नाही! त्यानं ताबडतोब उत्तर ठोकलं. 'फाटक उघडायला बटण दाबावं लागतं. ते स्वच्छ लिहिलंय. वाचता येत असेल तर वाचा. बाकीच्यांना येतं.' वर तोझाला फोन करून तेच पुन्हा बोलला, आणि तोझा म्हणाला, "जळतात रे लोक. तू लक्ष देऊ नकोस. मी काल संपवला तुझा खेळ. शेवट काय जबरदस्त केलायस!"

रविवारी मुलीचा फोन आला. दुन्या लग्न करून परदेशात, ग्राझला राहते. नवरा तिकडचाच, घरातला कॉम्प्युटरही तिकडचाच. "बाबा, मी तुझा खेळ लावलाय," ती म्हणाली. "फाटकापर्यंत आले. पण तो टोपीवाला झ कुठून आणू? आमच्या कीबोर्डवर तो नाहीच."

"नाही म्हणजे?"

"म्हणजे नाही. तो काय इथल्या जर्मन बोलणाऱ्यांना लागतो होय? इंग्रजांना तरी कुठं लागतो? बाबा, अरे, तो फक्त आपल्याकडेच असतो."

झिवाननं फोन टेबलावर ठेवला. दुन्या पलीकडून "बाबा? बाबा?" करत होती. यागोदानं फोन उचलून "तो जरा आत गेलाय" असं सांगितलं, पण तो तिथंच बसला होता.

मग त्यानं शेरे पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतले. पोर्तुगाल, ब्राझील, कॅनडा, फिनलंड, जपान. यातल्या एकालाही फाटकाच्या आत पाऊल टाकता येणं शक्य नव्हतं. सगळे अंगणात उभे. आणि अंगणात उभे राहूनच एकाला शेवटी रडू आलं, एकाला संगीत ऐकू आलं, एकानं राक्षस मारला. 'दोनदा संपवला!' असं एक बाई उद्गारचिन्ह देऊन म्हणत होती. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला! झिवानला पहिल्यांदाच कळलं की लोकांची तोंडं आतून किती घाण असतात. इतकी वर्षं तो त्यांचे फक्त दात बघत होता. समोर यागोदानं वाढलेली पापरिकाश होती, वर तेलाचा लाल तवंग. त्यानं ताट दूर सारलं. तो उठला.

"कुठं निघालास?" यागोदानं विचारलं.

"तोझाकडं. त्याच्या कीबोर्डवर तरी तो झ आहे. त्यानं संपवलाय. एक माणूस तरी आत गेलाय."

तोझा रविवारीही दुकानात होता, फुटलेल्या काचेचा मोबाइल उघडून बसलेला. झिवाननं नमस्कार-चमत्कार काही केला नाही. "शेवटी काय होतं, सांग."

"कशाच्या शेवटी?"

"माझ्या खेळाच्या."

"अरे, तो पहारेकरी... बाहेर येतो की."

"कसा येतो?"

"फाटकातनं येतो, लेका, खिडकीतनं उडी मारेल काय!"

"दिवे?"

"दिवे काय मस्त दाखवलेस! परत येताना ते पिवळे दिवे, भिंतीवर सावल्या..." तोझाला स्वतःच्याच बोलण्याची गोडी लागली होती. मग त्यानं झिवानच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"परत येताना अंधार असतो, तोझा. तोच तर खेळ आहे सगळा."

दुकानात एक म्हातारी बसली होती, तिच्या मोबाइलची वाट बघत. ती एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघायला लागली.

"लाज वाटत नाही?" झिवान म्हणाला. "ते दूरदेशीचे लोक, ते माझे कोण? पण तू? तुझ्या आईचं सूप माझ्या प्रोग्रॅममध्ये गेलंय, तोझा! तुझ्यासाठी मी काय अनोळखी आहे? थू!"

तोझाची मान लाल झाली. मग एकदम उसळला. "आणि तू? तू माझा खेळ खेळलास?"

"खेळलो की!"

"काय लिहिलंस माझ्या खेळाखाली? काढ. काढ मोबाइल, वाच."

झिवाननं काढला नाही. तोझानं स्वतःचा काढला आणि म्हातारीला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात वाचला. "'तिसरी पातळी फारच सुंदर. तिथले रंग अप्रतिम.' झिवान, माझ्या खेळाला पातळ्याच नाहीत. एक खोली आहे. एकच. आणि ती काळी-पांढरी आहे."

आता सांगायला हवं की झिवानला उलटी होईल असं वाटलं ते तेव्हा. बाहेरच्यांच्या तोंडाचा वास त्यानं सोसला असता. हा त्याच्या स्वतःच्या तोंडाचा होता. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, दुसरं काय! म्हातारी म्हणाली, "पोरांनो, माझा फोन झाला का?" झिवान दार उघडं टाकून निघून गेला.

बेगेई नदीच्या काठानं तो घरी आला, तो सरळ खेळाला बसला. फाटकाचं बटण बदलून त्यानं स्पेसची मोठी पट्टी ठेवली, जी जगातल्या प्रत्येक कीबोर्डवर असते. टोपीवाला झ पुसताना त्याचा हात थांबला नाही. तो माज कधीचा उतरला होता. मग पानावर सगळ्यात वर लिहिलं: 'या खेळाचं फाटक आजपर्यंत आमच्या भागाबाहेर कुणालाच उघडता येत नव्हतं. चूक माझी. आता उघडतं.' ओल्या बिस्किटाच्या शेऱ्याखालचं आपलं उद्धट उत्तर तसंच राहू दिलं आणि त्याखाली लिहिलं, 'तुम्ही खरं बोललात. मी मूर्खासारखा बोललो. जमलं तर पुन्हा खेळा. वाईट असेल तर वाईट लिहा.'

तुम्हाला वाटेल, आता ते कौतुकवाले शरमले असतील. कसले शरमताहेत! दुसऱ्या दिवशी एकानं लिहिलं, 'किती प्रामाणिक! खेळ आणखीच आवडला.' दुन्यानं फोनवर सांगितलं की पाच जणांनी त्या कबुलीलाच हृदयाचं चित्र लावलंय. मतदान संपलं आणि निकाल लागला. 'शेवटचा पहारा' वातावरण या विभागात तिसरा. सोनेरी चौकटीतलं प्रमाणपत्र आलं, पाठोपाठ अभिनंदनांचा पूर.

"छापून आणू? भिंतीला लावू?" यागोदानं विचारलं. ती चेष्टा करत होती की नाही हे तिच्या आवाजावरून कळत नाही कधी.

"संडासात लाव," झिवान म्हणाला.

तो कामाला लागला. भट्टी 'दुरुस्त' झाली. साचे येत होते, तो ते धुवत होता, पण आता हातमोजे घालून. खाणं कमी झालं. यागोदानं पापरिकाश केली नाही, नुसतं लोणी लावलेल्या पावाबरोबर आयवार, म्हणजे भाजक्या मिरच्यांचं वाटण, ठेवलं, तेही त्यानं इकडून तिकडे फासलं. काटा होता तिथंच राहिला होता, उलट आता तो कौतुकानं सडला होता. जमलं असतं का? साऱ्या जगानं 'हो' म्हटलं होतं आणि त्या 'हो'ची किंमत शून्य होती.

ओल्या बिस्किटाचं उत्तर आलं तेव्हा तो एका निवृत्त पोस्टमास्तराची खालची कवळी घासत होता. त्यानं मोटर बंद केली आणि उभ्यानंच वाचलं.

'आता फाटक उघडलं. संपवला. उडी भिकार आहे, पायऱ्यांवर माणूस गुडघे बांधल्यासारखा उडतो. मधल्या तीन खोल्या कंटाळवाण्या. त्या काढून टाकल्या असत्यात तर काही बिघडलं नसतं. तोल सांभाळायचा जो पट्टा आहे, तो निव्वळ चीड आणतो. तुमचं आधीचं उत्तरही चीड आणणारं होतं. पण दिवे मालवून परत फिरले, तेव्हा दोनदा पडले आणि तिसऱ्यांदा जाताना पायऱ्या मोजून ठेवल्या. अंधारात येताना माझ्या लक्षात आलं की मी खुर्चीत बसूनही डावा हात पुढं धरलाय, भिंत चाचपायला. मग थोडा वेळ काही केलं नाही, तशीच बसले. मतदान बंद झालंय, म्हणून आधीचा एक तारा आता बदलता येत नाही. आता दोन दिले असते.'

झिवाननं ते दोनदा वाचलं. डावा हात. वडील त्या रात्री घरात आले होते ते भिंत चाचपत, दिवा चालू असताना. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं, आणि पृथ्वीच्या कुठल्या टोकाला बसलेल्या एका रागीट बाईनं हात पुढं केला होता.

"यागोदा!" तो मागच्या खोलीकडे ओरडला. "दोन तारे! दोन मिळाले असते!"

"किती पैकी?" आतून आवाज आला.

"पाच!"

"मग ओरडतोस काय असा?" पण ती एप्रनला हात पुसत बाहेर आली, त्याचा चेहरा पाहिला, आणि काही न विचारता पातेल्यात पापरिकाशसाठी लाल मिरची परतायला टाकली.

दुपारी त्यानं जागेचं दार लावून घेतलं आणि तोझाचा खेळ उघडला. एक खोली, काळी-पांढरी. मधोमध एक टेप, आणि आवाज ओळखून बटणं दाबायची. तो हरला, पुन्हा बसला, चिडला, पुन्हा बसला. शेवटपर्यंत गेला. शेवटी, चिरक्या आवाजाच्या आत कुठंतरी, एका बाईचा आवाज होता, अगदी अस्पष्ट, सूप गार होतंय म्हणणारा.

त्यानं तोझाला फोन लावला. त्या रविवारनंतर ते बोलले नव्हते. पलीकडून नुसतं "हं" आलं.

"तुझा खेळ संपवला," झिवान म्हणाला.

"हं."

"भिकार आहे."

पलीकडे स्क्रूड्रायव्हर टेबलावर टेकला. मग तोझाचा आवाज आला. त्यात राग नव्हता, कित्येक दिवसांच्या उपाशी माणसानं ताटाकडे बघावं तशी घाई होती.

"कुठं? कुठं कुठं भिकार आहे? थांब, गिऱ्हाईक घालवतो. सगळं सांग."